घरात अचानक काही घडलं तर: तातडीच्या रजेचे कागद कसे जमवायचे

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीच्या टाइम ऑफिसात मी बरीच वर्षं काढली. एकदा सकाळी सातच्या पाळीला मोल्डिंगमधला एक कामगार खिडकीत आला. पाच दिवसांचा खाडा होता. हातात मेडिकल स्टोअरची कॅरीबॅग, आत औषधांची बिलं, रक्ताचे रिपोर्ट, एक्स-रेचं पाकीट, सगळे मिळून वीसएक कागद. वडिलांना पॅरालिसिसचा झटका आला होता आणि रात्री दोनला गावाकडनं त्यांना कोल्हापुरात एका दवाखान्यात आणलं होतं. माणूस खरं बोलतोय हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण त्या वीस कागदांत त्याचं स्वतःचं नाव एकाही ठिकाणी नव्हतं, आणि वडिलांचं नाव अर्धंच पडलेलं. वरच्या साहेबांनी विचारलं, "हे ह्याचेच वडील कशावरनं? आणि घरात भाऊ असताना हाच कशाला लागत होता?" पाचही दिवस बिनपगारी गेले. दोनच कागद जास्त असते तर ते वाचले असते, आणि ते दोन्ही त्याला त्याच दवाखान्यात फुकट मिळाले असते. ही गोष्ट मला आजही टोचते.

रजा मंजूर करणारा माणूस कागदांत तीन प्रश्नांची उत्तरं शोधतो. काय घडलं? केव्हा घडलं? तिथं तुम्हीच का लागत होता? पहिल्या दोन उत्तरांचे कागद बहुतेकांकडं असतात. तिसऱ्याचा जवळजवळ कुणाकडंच नसतो, आणि रजा तिथंच अडते. खालचं सगळं वाचताना तो तिसरा प्रश्न डोक्यात ठेवा.

पहिला तास: आधी कळवा

१०८ ला फोन झाला, माणूस दवाखान्यात पोचला, डॉक्टरांनी ताब्यात घेतला, की बाहेरच्या बाकावर बसल्यावर सुपरवायझरला कळवा. फोन लावा, आणि बोलून झाल्यावर तेच चार ओळींत लिहूनही पाठवा. फोनवरचं बोलणं तीन दिवसांनी त्यालाही नीट आठवत नाही, आणि तोवर त्याची पाळी बदललेली असते. लिहिलेल्या मेसेजवर तारीख-वेळ राहते. मेसेज असा असावा:

"साहेब, मी अमुक, टोकन नंबर अमुक, मोल्डिंग. वडिलांना रात्री २ वाजता पॅरालिसिसचा झटका आला. कोल्हापुरात सीपीआर या सरकारी दवाखान्यात ॲडमिट केलंय. त्यांच्याजवळ थांबायला मीच आहे. आज पहिल्या पाळीला येऊ शकत नाही. पुढचं उद्या दुपारी १२ पर्यंत कळवतो. केसपेपरचा फोटो सोबत आहे."

यातलं "उद्या दुपारी १२ पर्यंत" हे सगळ्यांत कामाचं आहे. सुपरवायझरला तुमच्या जागी माणूस उभा करायचा असतो. "किती दिवस लागतील सांगता येत नाही" एवढंच कळवलं तर त्याची अडचण सुटत नाही आणि तो वैतागतो. पुढच्या खबरीची वेळ सांगितली की त्याला आजचा दिवस निभावता येतो. मग दुसऱ्या दिवशी बाराला काही नवं नसलं तरी मेसेज जायलाच हवा: "अजून आयसीयूतच आहेत, उद्या सकाळी डॉक्टर सांगणार आहेत."

मेसेज डिपार्टमेंटच्या ग्रुपवर टाकून थांबू नका. तिथं शंभर शुभेच्छांखाली तो गडप होतो. सुपरवायझरला वेगळा, टाइम ऑफिसला किंवा एचआरला वेगळा. ठेकेदाराकडून काम करत असाल तर मुकादमाला सांगून भागत नाही. तुमचा पगार ठेकेदार काढतो आणि हजेरी कंपनीत लागते, म्हणून दोघांनाही लेखी कळवा. गगनबावडा, चंदगड, भुदरगडच्या वाड्यावस्त्यांवर इंटरनेट मिळेलच असं नाही. अशा वेळी साधा एसएमएस पाठवा, नाहीतर शहरात राहणाऱ्या भावाला पाठवायला सांगा आणि त्याच्याकडून त्याचा स्क्रीनशॉट ठेवा.

एक कळकळीची विनंती. नाकात नळी असलेल्या आईचा, ऑक्सिजन लावलेल्या बाळाचा फोटो पाठवू नका. त्यातून ना तारीख कळते, ना नातं. आणि आपल्या माणसाचं तसलं रूप दहा फोनांत फिरावं असं त्यात काय आहे? केसपेपरचा फोटो पुरे.

रजा कुठल्या खात्यातून पडणार

हे आधी माहीत असलं की अर्जात नेमकं मागता येतं. कारखान्यांतली पगारी रजा आजवर कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम ७९ प्रमाणं चालत आली: वर्षात २४० दिवस भरले की दर २० दिवसांमागं १ दिवस. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. त्यात दर २० दिवसांमागं १ दिवस तसाच आहे, फक्त २४० च्या जागी १८० दिवस आले. तरी बऱ्याच कारखान्यांचे छापील रजेचे फॉर्म आणि नियम जुन्याच कलमावर बेतलेले असतात, आणि "रजा १५ दिवस आधी मागायला पाहिजे" हे वाक्य तिथूनच येतं. कुणी ते पुढं केलं तर त्याच कलमाचं पोटकलम ७ दाखवा. आजारपणाचे दिवस शिल्लक रजेतून भरायचे असतील, तर १५ दिवसांची मुदत पाळली नसली तरी रजा द्यावी, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. मात्र हे कामगाराच्या स्वतःच्या आजाराला धरून आहे. घरच्यांच्या आजारपणाला असा हक्क नाही, आणि दुखवट्याची वेगळी रजा तर कारखाना कायद्यात कधीच नव्हती. म्हणून तिथं कागद आणि सांगण्याची पद्धत यांवरच सगळी भिस्त राहते.

दुकान, शोरूम, ऑफिस यांत असाल आणि २०१७ चा महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम तुमच्या मालकाला लागू असेल, तर वर्षाला ८ दिवस किरकोळ रजा पगारी मिळते. ती तिमाहीप्रमाणं जमा होते आणि वर्षाअखेर उरली तर वाया जाते. सरकारी नोकरांना ८ दिवस नैमित्तिक रजा असते, आणि आजारपण लांबलं तर वैद्यकीय दाखल्यावर परिवर्तित रजा मागता येते.

पगारातून इएसआय (कामगार विमा) कापलं जात असेल तर लक्षात ठेवा, आजारपणाचा भत्ता फक्त तुमच्या स्वतःच्या आजारासाठी आहे. साधारण ७० टक्के पगार, वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस, आणि बहुधा पहिले दोन दिवस धरत नाहीत. त्यासाठी इएसआयच्या डॉक्टरांचा दाखला लागतो. गल्लीतल्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आठ दिवसांनी तिथं गेलात तर मागचे दिवस भरून निघणं अवघड होतं. अंथरूण धरलं की पहिल्याच दिवशी तिथं नोंद करा.

दवाखान्यात असतानाच घ्यायचे कागद

सगळ्यांत जास्त रजा याच कारणानं पडतात, आणि सगळ्यांत जास्त चुकाही इथंच होतात.

गावाकडून पेशंट येतो तेव्हा आधी प्राथमिक आरोग्य केंद्र, मग ग्रामीण रुग्णालय, मग सीपीआर किंवा खाजगी दवाखाना अशा पायऱ्या होतात. प्रत्येक ठिकाणी रेफरची चिठ्ठी मिळते आणि पुढच्या ठिकाणी ती जमा होते. हातातून देण्याआधी तिचा फोटो काढा. रात्री दोनला निघालो होतो हे त्या चिठ्ठीइतकं दुसरं काही सांगत नाही.

ॲडमिट झाल्यावर केसपेपरवर नाव, वय, तारीख, वेळ, आयपीडी नंबर (दाखल पेशंटचा नंबर) नीट आहे का ते बघा. घाईत कुणीतरी "बाळू, हातकणंगले" एवढंच सांगतं आणि तेच डिस्चार्जपर्यंत चालतं. आधार कार्डावर जसं आहे तसं पूर्ण नाव पहिल्याच दिवशी दुरुस्त करून घ्या. नंतर दुरुस्तीसाठी चकरा माराव्या लागतात.

मग संमतीपत्र. ऑपरेशन, भूल, आयसीयू, काहीही असलं तरी नातेवाइकाची सही घेतात, आणि तिथं सही करणाऱ्याचं नाव आणि नातं लिहायची जागा असते. त्या फौंड्रीतल्या कामगाराला हाच कागद मिळाला असता. सही तुम्ही केली असेल तर सिस्टरना विचारून तेवढ्या पानाचा फोटो घ्या. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर दवाखान्याच्याच कागदावर मिळतं.

ॲडव्हान्स भरताना पावतीवर भरणाऱ्याचं नाव घालायला सांगा. फोनवरून पैसे पाठवले असतील तर त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत केस बसवत असाल तर आरोग्यमित्राच्या (दवाखान्यात योजनेचं काम बघणाऱ्या माणसाच्या) टेबलावर बहुधा रेशनकार्ड द्यावं लागतं. त्याच्या दोन झेरॉक्स जास्त काढा, रजेला लागतील. बिलं गुळगुळीत कागदावर येतात आणि महिन्याभरात कोरी होतात, म्हणून त्याच दिवशी झेरॉक्स काढलेली बरी.

दुसरा कागद, जो बहुतेक जण मागतच नाहीत: सोबत थांबल्याचा दाखला. राउंड संपल्यावर डॉक्टरांना शांतपणे सांगा, "डॉक्टर, कामावर द्यायला दोन ओळी पाहिजेत." मजकूर एवढाच: अमुक पेशंट अमुक तारखेपासून इथं दाखल आहेत, त्यांच्याजवळ नातेवाइकानं थांबणं गरजेचं होतं, त्यांचे चिरंजीव अमुक हे अमुक ते अमुक तारखेपर्यंत थांबले. लेटरहेड, तारीख, सही, शिक्का आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक. नोंदणी क्रमांक नसला तर तो कागद पडताळता येत नाही.

डिस्चार्ज कार्ड घेताना त्यावर पुढच्या विश्रांतीचं लिहिलंय का बघा. "१० दिवस विश्रांती, सोबत कुणीतरी असणं आवश्यक" ही ओळ नसेल तर डिस्चार्जनंतरचे तुमचे चार दिवस उघडे पडतात. आईला घरी आणलं म्हणजे काम संपलं असं कारखान्याला वाटतं, आणि खरं तर उठवणं, बसवणं, जेवण भरवणं तिथूनच सुरू होतं.

एखादा कागद राहूनच गेला तर? डॉक्टरांच्या व्यावसायिक आचाराचे २००२ चे नियम आहेत. त्यांप्रमाणं पेशंटनं किंवा त्याच्या वतीनं अधिकृत माणसानं कागद मागितल्यावर ७२ तासांत ते द्यावे लागतात, आणि ॲडमिट पेशंटचे कागद डॉक्टरांना ३ वर्षं जपावे लागतात. लेखी मागा, मिळतात.

लेकराला ताप, उलट्या, एका दिवसाचा खाडा, अशा वेळी तारीख घातलेली डॉक्टरांची चिठ्ठी पुरते. त्यासाठी फाइल करू नका.

घरात मयत झाली तर

मृत्यूचा दाखला लगेच हातात येत नाही. नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते, शहरात महापालिकेत, गावात ग्रामपंचायतीत. तोपर्यंत दवाखान्यानं दिलेला मृत्यूचा कागद आणि स्मशानभूमीतली नोंद चालते. आणि आपल्याकडं आणखी एक चांगला पुरावा असतो, वर्तमानपत्रातली निधनवार्ता. "त्यांच्या पश्चात दोन मुले, एक मुलगी" आणि रक्षाविसर्जनाचा दिवस-वेळ, एवढ्या चार ओळींत तिन्ही प्रश्न सुटतात. मजकूर देताना मुलांची नावं घालायला सांगा आणि ते कात्रण जपा.

दिवस मागताना तोडून मागा, असं माझं मत आहे. सलग तेरा दिवसांना मान हलत नाही. पण "रक्षाविसर्जनापर्यंत तीन दिवस, मग कामावर येतो, आणि दहाव्या-बाराव्याला पुन्हा तीन दिवस" असं पहिल्याच मेसेजमध्ये सांगितलं तर बहुतेक साहेब ऐकतात. आणि जे सुपरवायझर हे वाचत असतील त्यांना हात जोडून सांगतो, मयताच्या घरी पहिल्या दिवशी कागद मागू नका. हजर झाल्यावर मागा.

पुराचे दिवस

राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. हे आकडे कोल्हापूरच्या पोरांनाही पाठ असतात. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्गावरच पाणी आलं आणि वाहतूक थांबली. तेव्हा कुणाला काही सिद्ध करावं लागलं नाही, कारण सगळंच बंद होतं. अडचण येते ती अर्ध्या पुरात. शहर चालू असतं, कारखान्याची शिट्टी वाजते, आणि चिखली-आंबेवाडीचा रस्ता मात्र पाण्यात असतो. उंचावर राहणाऱ्या साहेबाला हे दिसत नाही.

जिल्हा प्रशासन रोज पातळी, पाण्याखालचे बंधारे आणि बंद रस्ते जाहीर करतं. त्यात तुमचा रस्ता असलेल्या ओळीचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा. एसटी बंद असेल तर आगाराची सूचना किंवा दुसऱ्या दिवशीचं वर्तमानपत्र जपा. स्थलांतर झालं असेल तर निवारा केंद्राच्या नोंदवहीत घरातल्या सगळ्यांची नावं लिहायला लावा. जनावरं हलवायला थांबला असाल तर तेही अर्जात सरळ लिहा, लाजू नका. दारातल्या चार म्हशी सोडून कुणी कामावर जात नाही, हे इथल्या माणसाला कळतं. पाणी ओसरल्यावर तलाठी पंचनाम्याला येतात. त्या दिवशी घरात असणं गरजेचं असतं, म्हणून त्या एका दिवसाची रजा वेगळी मागा आणि पंचनाम्याची प्रत मिळाली की जोडा.

अपघात किंवा चोरी झाली असेल तर पोलिसांकडून एफआयआरची प्रत तक्रारदाराला फुकट मिळते. गुन्हा नोंदवण्यासारखं नसेल तर निदान तक्रार अर्जावर ठाण्याचा शिक्का आणि तारीख घ्या.

नातं दाखवणं

एकाच रेशनकार्डावर नावं असतील तर प्रश्नच नाही. अडतात त्या सासरी आलेल्या लेकी. आडनाव बदललेलं, वडील माहेरच्या रेशनकार्डावर. त्यांनी शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखला आणि सोबत विवाह नोंदणीचा दाखला जोडावा. माहेरचं आडनाव आणि सासरचं आडनाव या दोन कागदांनी जोडलं जातं. आईकडच्या नात्याला, म्हणजे मामा, आज्जी यांच्यासाठी, आईचा शाळेचा दाखला कामाला येतो.

चुलता, आत्ती हे बऱ्याच कंपन्यांच्या लेखी जवळचे नातेवाईक नसतात. ज्या चुलत्यानं लहानाचं मोठं केलं त्याच्यासाठी मग काय करायचं? खरं तेच लिहायचं: "वडील लहानपणीच वारले, चुलत्यांनी वाढवलं, त्यांना मुलगा नाही, सगळं मलाच बघावं लागतं." खोटं "वडील" लिहू नका. उद्या वडिलांसाठीच रजा लागली तर काय सांगाल?

भाऊ-बहीण असताना तुम्हीच का, याचंही उत्तर एका ओळीत द्या. "भाऊ पुण्याला असतो, तो रविवारी पोचला, सोमवारपासून मी हजर आहे." अशी ओळ वाचली की साहेबाचा अर्धा संशय तिथंच मिटतो.

काय झाकायचं

आजार झाला हे सांगायचं असतं, आजाराचं सगळं पोट उघडं करायचं नसतं. ॲडमिट तारीख, डिस्चार्ज तारीख, विश्रांतीचे दिवस एवढं कारखान्याला पुरतं. रिपोर्ट देऊ नका. मानसिक आजार, एचआयव्ही यांबाबत गुप्तता राखण्याचे कायदे आहेत. डॉक्टरांना सांगा, दाखल्यावर "वैद्यकीय कारणास्तव" एवढंच लिहा. गर्भपात झाला असेल तर मातृत्व लाभाच्या तरतुदीत पुराव्यावर ६ आठवड्यांची पगारी रजा आहे. तो कागद सुपरवायझरच्या हातात द्यायची गरज नाही. बंद पाकिटात थेट एचआरला द्या. आधारची प्रत देताना फक्त शेवटचे चार आकडे दिसणारी प्रत द्या, तीही कायदेशीरच असते.

अर्ज आणि पोच

कागद कितीही असले तरी वर एक पानी अर्ज हवाच, कारण फाइलमध्ये तोच राहतो.

"मा. व्यवस्थापक साहेब. विषय: दि. अमुक ते अमुक तातडीच्या रजेबाबत. मी अमुक, टोकन नंबर अमुक. माझे वडील अमुक यांना दि. अमुक रोजी रात्री २ वाजता पॅरालिसिसचा झटका आला. त्यांना अमुक दवाखान्यात दाखल केले. आई वयस्कर असून भाऊ परगावी असल्याने त्यांच्याजवळ मला थांबावे लागले. याबाबत त्याच दिवशी सकाळी ६.१० वाजता सुपरवायझर साहेबांना मेसेजने कळवले होते. हे ५ दिवस माझ्या शिल्लक पगारी रजेतून धरावेत, ही विनंती. सोबत: केसपेपर, संमतीपत्र, सोबत थांबल्याचा दाखला, डिस्चार्ज कार्ड, रेशनकार्ड, प्रत्येकी एक झेरॉक्स."

दोन प्रती करा. एक द्या, दुसरीवर सही, तारीख, शिक्का घेऊन पोच ठेवा. मूळ कागद कधीच देऊ नका, दाखवून परत घ्या. पोच द्यायला कुणी नकार दिला तर तोच अर्ज कंपनीच्या ईमेलवर किंवा स्पीड पोस्टानं पाठवा. गैरहजेरी लांबत असेल तर घाई जास्त करा. आदर्श स्थायी आदेशांत, म्हणजे कारखान्यातल्या कामाच्या आणि शिस्तीच्या सरकारी नमुना नियमांत, परवानगीशिवाय सलग १० दिवसांहून जास्त गैरहजेरी हे गैरवर्तन धरलं आहे. तुमच्या कारखान्याचे आदेश नोटीस बोर्डावर असतात, एकदा वाचून ठेवा.

शंभर-दोनशे रुपयांत दाखला देणारे मिळतात, हे मला माहीत आहे. त्या वाटेला जाऊ नका. खोटा दस्त करणं आणि तो खरा म्हणून वापरणं हे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३६ आणि ३४० खाली गुन्हे आहेत. डॉक्टरांनाही दिलेल्या दाखल्यांची नोंदवही ठेवावी लागते, म्हणून एका फोनवर पडताळणी होते. खरं कारण असूनही घाईत खोटा कागद जोडलेले दोघे मी पाहिले. दोघांचंही खरं कारण मग कुणी ऐकून घेतलं नाही.

पगार झाल्यावर

पगारपत्रक बघा. बिनपगारी धरले असतील तर जितके दिवस गैरहजर तितक्याच दिवसांचा पगार कापता येतो. एका माणसाच्या एका दिवसाच्या खाड्याला दोन दिवस कापणं बेकायदा आहे. चुकलं असेल तर पोच जोडून आधी एचआरला लेखी विचारा, मग युनियन असेल तर युनियन, आणि तरी हललं नाही तर सहायक कामगार आयुक्तांचं कार्यालय. तिथं पहिला प्रश्न येतो, "कळवलं होतं का, आणि कधी?" तेव्हा त्या पहाटेचा मेसेज फोनमध्ये असायला हवा. फोन बदलताना तेवढा जपा.

आणि हे आज रात्रीच करा. रेशनकार्ड, सगळ्यांचे आधार, शाळेचे दाखले यांचे फोटो फोनमध्ये एका ठिकाणी ठेवा. घरात एका कागदावर तुमचा टोकन नंबर, डिपार्टमेंट, सुपरवायझरचा आणि टाइम ऑफिसचा नंबर लिहून रेशनकार्डाच्या कव्हरमध्ये घाला, आणि बायकोला किंवा आईला तो दाखवून ठेवा. गाडीवरून तुम्हीच पडलात तर मेसेज त्यांना टाकावा लागेल.